चार ते पाचच्या मधी

मंगळवार, संध्याकाळ

चार ते पाच. बेळगुंदीच्या त्या पोरीनं आमच्या नर्सिंग कॉलेजच्या फॉर्मच्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'फोन चार ते पाचच्या मधी करा.' फोन तिच्या आईचा. वडील उद्यमबागेतल्या कारखान्यातून सहाला घरी येतात, आणि नर्सिंगचं त्यांना ती सावकाश सांगणार होती. तीन आठवडे मी ही वेळ पाळली. अलीकडं ती मला मॅडम सोडून 'आक्का' म्हणायला लागली होती.

आणि आज? साहेबांना ॲडमिशनचे सगळे फोन आजच संपवायचे होते. यादीत तिचं नाव आलं तेव्हा साडेसहा वाजले होते. मी घड्याळ बघितलं नव्हतं का? बघितलं होतं. तेच तर. तरी तिच्या आईच्या नंबरावर लावला.

"व्हय, बोला," तिचे वडील म्हणाले. इतक्या मऊ आवाजात, की मला वाटलं, तिनं घरी सांगितलं असणार. मीच विचारलं, "अण्णा, नर्सिंग कॉलेजातनं बोलतेय. पोरीची हॉस्टेलची जागा पक्की करायची न्हवं?"

"नर्सिंग? आणि हॉस्टेलबी?"

मागं भांडं पडल्याचा आवाज आला. "बरं झालं सांगितलासा, बाई." त्यांनी फोन ठेवला. नंतर मी तीनदा लावला, तर बंद.

उद्या चारला परत लावीन. तिनंच उचलला तर काय म्हणू?

रजिस्टरात रोजच्या सवयीनं लिहून गेले, 'वडिलांशी बोलणं झालं.' साहेबांनी ते ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "असा फॉलोअप पाहिजे."