सुरतेची थाप

दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर
दिवाळीच्या आठ दिवस आधी

प्रिय जगदेव,

तुला पत्र लिहायची ही आयुष्यातली दुसरी खेप. पहिलं लिहिलं होतं तू एनसीसीच्या शिबिराला गेला होतास तेव्हा, आणि त्यात फक्त माझ्या सायकलची किल्ली कुठे नेलीस एवढंच विचारलं होतं. या वेळी जरा जास्त लिहावं लागणार आहे. फोनवर मी चार वाक्यं बोलले की तू ड्युटीचं निमित्त काढून ठेवून देतोस. बासष्ट वर्षांच्या बाईचा हात दुखतो याची जाणीव ठेव आणि मध्येच सोडू नकोस.

आधीच सांगते, अंतरा आणि अंशुल दोघंही धडधाकट आहेत. कोणालाही खरचटलेलं नाही. पण आपला अंशुल गेल्या आठवड्यात सुधारगृहात जायचा राहिला, आणि दुसऱ्या एका आईचा मुलगा दवाखान्यात जायचा राहिला. तसं झालं असतं तर त्याला कारण तू आणि मी. जास्त करून मी, असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते वाचून झाल्यावर ठरव.

दसऱ्याला खासगी बाजारात तुझ्या घरी शस्त्रपूजा झाली. तुला माहीतच आहे, आपल्याकडे कर्त्या पुरुषानं पणजोबांचा जंबिया म्यानातून काढायचा, पुसून पाटावर ठेवायचा आणि मग तो कोजागिरीपर्यंत देवापुढे राहतो. तू नव्हतास. अंतरा म्हणाली, वन्सं, तुम्हीच काढा. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी तो अंशुलच्या हातात दिला, त्याच्या कपाळाला गंध लावलं आणि म्हणाले की आता या घरचा कर्ता तूच, घराचा मान तुझ्या हातात. सोळा वर्षांचं पोर ते. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला आणि मला त्याचं कौतुक वाटलं! तीस वर्षं शाळेत शिकवून एवढीही अक्कल आली नाही मला.

तो आधीच बिघडत चालला होता हे मी तुला फोनवर नीट सांगितलं नाही, ते आता सांगते. तुझं नई सडकचं दुकान बंद झालं आणि तू दोन महिने घरात बसलास, तेव्हापासून त्याचं घरात पाऊल टिकेना. तू बोलायचा नाहीस, आणि बोललास की ओरडायचास. भिंतीवर आपटून फोडलेला तो स्टीलचा डबा अंतरा अजून वापरते, झाकण बसत नाही त्याचं. मग तुला इथून तासाभरावर, भिंडच्या रस्त्यावरच्या मालनपूरच्या कारखान्यात गेटवर पहाऱ्याचं काम मिळालं आणि तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडलास. घरी सांगतो की सुरतेला सुपरवायझर म्हणून जातोय, तूही तेच सांग, म्हणालास. मी मान डोलावली. काय करणार, आपण पडलो शिलेदारांचे वंशज! खरं तर बाबांनी मला एकदा सांगितलं होतं की पणजोबा शिलेदार वगैरे काही नव्हते, शिंद्यांच्या फौजेत किल्ल्याच्या दरवाज्यावर पहारा द्यायचे. पण लग्नकार्यात सांगायला शिलेदार बरं वाटतं, म्हणून आम्ही ते तसंच चालू ठेवलं. तुझी थापही तशीच चालू ठेवली.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी दुपारी अंतराचा फोन आला. देवघर पुसताना तिनं म्यान उचललं, तर ते हलकं लागलं. आत काहीच नव्हतं. अंशुल बॅग घेऊन फुलबागेजवळच्या मैदानावर खेळायला गेला होता. मी ई-रिक्षा केली, अंतराला घरीच थांबायला सांगितलं, कारण आईला बघून तो आणखी चेकाळला असता.

तो मैदानाच्या कठड्यावर एकटा बसला होता, बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर. खेळणाऱ्या मुलांकडे त्याचं लक्ष नव्हतं, रस्त्याकडे होतं. मी त्याला काहीही विचारलं नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, अंशुल, माझा गुडघा धरलाय रे, एक पाऊल टाकवत नाही, घरी सोड मला. जगदेव, माझे गुडघे एरवी खरे दुखतात तेव्हा कोणी विचारत नाही, त्या दिवशी ते साफ खोटं दुखले. त्यानं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग उठला आणि मला हाताला धरून रिक्षात बसवलं. पोर वाया गेलेलं नाही, एवढं मला तिथेच कळलं.

दौलतगंजला आल्यावर त्यानं स्वतःहून जंबिया काढून ओट्यावर ठेवला. म्हणाला, आत्या, कसम से, मी फक्त डरवायला नेला होता. कोणाला, तर दिग्विजयसिंहला. तो त्याच्या वर्गातला, बरोबर खेळणारा मुलगा. चार पोरांत हसत हसत म्हणाला होता की तेरे पापा सूरत-वूरत कहीं नहीं हैं, मालनपुर में चौकीदार हैं, मेरे चाचा के साथ एक ही कमरे में रहते हैं. अंशुलला ती बापाची बदनामी वाटली. माझ्यावर घराचा मान आहे ना आत्या, तूच तर बोलली होतीस, असं म्हणाला. माझ्याच स्वयंपाकघरात, तू जिथे बसून रडलास त्याच पाटावर बसून.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही. दिग्विजय खरं बोलत होता आणि आपला अंशुल त्या खऱ्यापायी त्याच्यावर पातं उगारणार होता, कारण घरातल्या एकाही मोठ्या माणसानं त्याला खरं सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगितलं. तुला दिलेलं वचन मोडलं, आणि त्याचं मला काडीइतकं वाईट वाटत नाही. तो ओरडेल, काही फोडेल असं वाटलं होतं. पण तो नुसता म्हणाला, आत्या, तू पण? आणि निघून गेला. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. जंबिया मी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलाय.

या तीन दिवसांत जे सावरलं ते गरिमानं. ही त्यांच्या शाळेत आठवड्यातून दोनदा येते, मुलांशी बोलायला. चोविसेक वर्षांची असेल, बोलते कमी आणि ऐकते फार. मी तिला सगळं सांगितलं, माझी चूक धरून. ती मला रागावली नाही की तिनं धीरही दिला नाही. एवढंच म्हणाली की बच्चे पर इतना बोझ किसी ने रखा है तो वही उतारे. मग तिनं दोन्ही मुलांना बोलावलं, वेगवेगळं आणि नंतर एकत्र. दिग्विजयचे वडील अपघातानंतर वर्षभर अंथरुणावर आहेत, आई शिलाईकाम करते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्याच्या घरावर सगळे हसतात, म्हणून दुसऱ्याच्या घरावर हसायला त्याला बरं वाटलं, असं तो म्हणाला. आता शनिवारी शाळेच्या एका खोलीत अशा घरांतल्या आया चहाला जमतात. अंतरा गेली होती. आल्यावर खूप दिवसांनी पोटभर जेवली.

आणि एक ऐक. अंतराला मी खरं सांगायला गेले तेव्हा ती पोळ्या लाटत होती. हातातलं लाटणंसुद्धा थांबलं नाही. म्हणाली, वन्सं, मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. यांच्या फोनमध्ये मागे बसवाले भिंड-भिंड ओरडत असतात. सुरतेहून भिंडची बस सुटते का? तुला वाईट वाटू नये म्हणून ती वर्षभर गप्प बसली. तू तिच्यासाठी खोटं बोलत होतास, ती तुझ्यासाठी बहिरी झाली होती, आणि मी दोघांसाठी मान डोलावत होते. तिघंही एवढी समजूतदार की पोराचा जीव जायची वेळ आली. हसू येतं रे, आणि रडूही येतं.

चौथ्या दिवशी अंशुल माझ्याकडे आला. मी त्याच्यापुढे बसले आणि म्हणाले की दसऱ्याला मी जे बोलले ते चुकलं, तू या घरचा मुलगा आहेस, कर्ता नाहीस. त्यानं विचारलं, बाबा जेवतात कुठे? मी म्हणाले, मला माहीत नाही, मीही कधी विचारलं नाही. मग म्हणाला, मी जाऊ? त्यासाठीच हा सगळा कागद लिहिला. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. भिंडच्या बसनं ज्यानं हे तुझ्यापर्यंत आणलं तो आत्ता गेटपाशी तुझ्यासमोर उभा आहे, तुझ्यासारखाच नखं खात. यातलं एक अक्षरही त्यानं वाचलेलं नाही, पण सगळं त्याला ठाऊक आहे. तुझा गणवेश त्यानं आता पाहिलाय, तो लपवू नकोस. त्याला उपदेश करू नकोस, सुरतेचं काही रचू नकोस. तो काय विचारेल त्याचं खरं उत्तर दे, आणि उत्तर नसेल तर नाही म्हणून सांग. पुरे झालं वाचणं, जगदेव. कागद खिशात घाल आणि त्याच्याकडे बघ.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
मंदाताई