सरकारात कळवलेलं नाव

आई, तुला कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि आपण राहायचोही एकाच घरात. आता तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लिहायला बसलोय, म्हणजे बघ माझी अक्कल.

बाबा गेल्यावर त्यांचं विमा एजंटाचं काम तू उचललंस. नाव त्यांचंच राहिलं. ऑफिसातल्या साहेबानं कानाडोळा केला. दुपारी पदर खोचून तू विणकरांच्या घरोघरी जायचीस, मागांच्या खडखडाटात त्या बायकांशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलायचीस. त्या तुला अक्का म्हणायच्या. कुणाचा हप्ता थकला की उंबऱ्यातच बसायचीस. "उद्या देते म्हनू नगं. माझं कुंकू गेलं तवा कळलं मला," म्हणायचीस, आणि हप्ता घेऊनच उठायचीस.

मग नवा कायदा आला. कंपनीनं नेमलेल्या एजंटाचं नाव सरकारात कळवायचं, त्याशिवाय कमिशन नाही. मेलेल्या माणसाचं नाव आता चालणार नव्हतं. "कुणाचं घालू?" साहेबानं विचारलं. तू म्हणालीस, "ह्याचं घाला की. लई शिकलाय." मी तुझं नाव सुचवलंसुद्धा नाही. वर घरी येऊन बजावलं, "आता तू कुणाकडं जायचं नाही. कायद्यात बसत नाही." काय तो माझा तोरा! ओळखीच्या बाईला हप्ता भर गं म्हणायला कुठला कायदा आडवा येतो? मला अक्काचा पोरगा म्हणून ओळख नको होती, एवढंच.

तू बसलीस घरात. मी दारातूनच हप्ता मागायचो, नाही म्हटलं की सायकल वळवायचो. असाच एका घरचा विमा बंद पडला आणि पुढं त्या बाईचा नवरा गेला. ती माझ्याकडं आलीच नाही, तुझ्यापुढं येऊन उभी राहिली. "अक्का, तू यायचं का बंद केलंस? तू आली असतीस तर भरला असता की मी."

मी आत जेवत होतो. घास हातातच राहिला. आता तू माझं नाव घेणार, असं वाटलं. तू म्हणालीस, "माझे पाय दुखत हुते गं बाई." मग तिला जवळ घेऊन रडलीस. मी बाहेर आलो नाही.

हे पत्र पेटीत टाकून तरी कुठं जाणार? राहू दे इथंच. आणि खरं सांगू, आई? तुझ्या आईनं काम का सोडलं, असं अजूनही कुणी विचारलं, तर पाय दुखायचे, असंच मी सांगतो.