क्लाइव्हची प्री-ऑर्डर

३ फेब्रुवारी
पुस्तक पूर्ण. वय एकाहत्तर, पहिलंच पुस्तक, तीनशे बारा पानं. आमच्या ब्लफ बंदरातल्या, समुद्रतळातून कालवं म्हणजे ऑयस्टर काढणाऱ्या बोटींवर आजवर कोणी एवढं सविस्तर लिहिलेलं नाही. आता फक्त वाचकांपर्यंत पोचवायचं. ते सोपं आहे. पुस्तक कसं खपवायचं याचं ऑनलाइन वर्कशॉप केलंय, सर्टिफिकेट फ्रिजवर लावलंय.

५ फेब्रुवारी
आधी ई-बुक, छापील मागाहून. ई-बुक एक मार्चला, कालवांचा हंगाम उघडतो त्या दिवशी. तोवर प्री-ऑर्डर. वर्कशॉपवाल्या बाईंचा मंत्र: आधी नोंदवलेल्या सगळ्या प्रती एकाच दिवशी मोजल्या जातात आणि पुस्तक खपाच्या यादीत थेट वर चढतं. म्हणून तारखेआधी एक पानही कोणाला दाखवायचं नाही. सख्ख्या भावालाही नाही.

११ फेब्रुवारी
पहिली प्री-ऑर्डर! क्लाइव्हची. माझा थोरला भाऊ. फुप्फुसं संपत आलीत त्याची, नाकाला ऑक्सिजनची नळी. जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरात मुलीकडे असतो. टॅबलेटवर अक्षरं बोटाएवढी करून वाचतो. मुलगी नायरी म्हणाली, काका, बाबांनी जन्मात स्वतःहून घेतलेलं हे पहिलं पुस्तक. मला भरून आलं. एक वाचक पक्का. उरलेले नऊशे नव्व्याण्णव काय, येतीलच.

१९ फेब्रुवारी
क्लाइव्हकडे गेलो. चीझ रोल नेले होते, त्याने अर्धा खाल्ला. दम घेत घेत म्हणाला, लिंड्या, एकाहत्तर सालचा तो दिवस लिहिलास ना? म्हटलं, अख्खं नववं प्रकरण आहे. म्हणाला, मग तेवढंच दे की, बाकीच्या कालवांचं मला काय करायचंय. म्हटलं, एक मार्चला आपोआप येईल टॅबलेटवर. तो म्हणाला, मोठा आलाय लेखक! हसता हसता खोकल्याची उबळ आली. नायरीने मला खोलीबाहेर काढलं.

२० फेब्रुवारी
नववं प्रकरण पुन्हा वाचलं. आमची बोट सामुद्रधुनीत उलटली आणि मी क्लाइव्हला ओढून वर काढलं, असं लिहिलंय. छान उतरलंय. पुस्तकात 'मी' आहे, तर 'मी'ने काहीतरी करायला नको? शिवाय चोपन्न वर्षं झाली. डोक्यावर लाटा, तोंडात पाणी, कोणाला काय धड आठवतं.

२६ फेब्रुवारी
तारीख पुढे. आता वीस एप्रिल. कव्हरवरचं कालव चुकीच्या जातीचं निघालं. धक्क्यावरचा विरेमू म्हणाला, हे खोलगट, हे तर उत्तरेकडचं. आपलं चपटं असतं. हे घेऊन गावात फिरलास तर लोक तुला धक्क्यावरून ढकलतील. माझं अख्खं आयुष्य कालवांत गेलं आणि हे मला दिसलं नाही? दोष डिझायनरचा.
प्री-ऑर्डर सात. सातही जणांना उशिराचा ई-मेल आपोआप गेला. क्लाइव्हलाही.

२७ फेब्रुवारी
नायरीचा फोन. म्हणाली, काका, कालव चपटं असो की गोल, बाबांना कव्हर दिसणारही नाही. फाइल मेल कर, दोन मिनिटांचं काम. मी तिला यादीचं गणित समजावलं. ती म्हणाली, डॉक्टर म्हणतात बाबा जूनमधला हिवाळा काढणार नाहीत. म्हटलं, डॉक्टर नेहमी कमीच सांगतात. तिने फोन आपटला. पुस्तकाच्या धंद्यातलं लोकांना कळत नाही.

९ मार्च
लायब्ररीत गेलो. ई-बुक ठेवाल का, विचारलं. बाई म्हणाल्या, कोणी मागितलं तर बघू. वेगवेगळ्या तीन नावांनी मागणी केली. तिन्ही फॉर्मवर अक्षर माझंच, बाईंनी एकत्र टाचण मारून परत दिले.

१४ एप्रिल
वीस एप्रिलला ईस्टर आहे! लोक चॉकलेट खातील की वाचतील? नवी तारीख चोवीस मे. त्या दिवशी कालवांचा उत्सव, गावात हजारो माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन. आता मागे हटणे नाही.
शिवाय नवव्या प्रकरणाकडे पुन्हा एकदा बघता येईल. ई-बुकचं हेच बरं, दुरुस्ती दहा मिनिटांत.
दुपारी: दुरुस्ती केली. लाट आणखी दोन मीटर उंच केली.

२ मे
क्लाइव्हने स्वतः फोन केला. एकेक शब्द ओढत. म्हणाला, लिंड्या, काहीही लिहिलं असलंस तरी चालेल मला. वाचू दे. म्हटलं, दादा, बावीसच दिवस राहिले. नळीचा आवाज तेवढा येत राहिला.
'काहीही' म्हणजे काय? लेखकावर एवढा अविश्वास बरा नव्हे.

३ मे
फाइल मेलला जोडली. त्याचा पत्ता टाकला. मग वाटलं, आजच वाचलं तर चोवीसची मजा काय राहिली. मेल ड्राफ्टमध्ये ठेवलाय. उद्या नक्की.

६ मे
पोस्टर चिकटवण्यात दिवस गेला. मेल उद्या नक्की.

९ मे
क्लाइव्ह गेला. सकाळी दहाला. टॅबलेट पांघरुणावरच होता. नायरी म्हणाली, रोज उठल्यावर विचारायचे, आलं का.

१३ मे
चर्चमध्ये मला चार शब्द बोलायला सांगितलं. तोंडातून पुस्तकाची तारीख गेली. चोवीस मे. सगळे खाली बघत राहिले. घरी येऊन पाहिलं तर प्री-ऑर्डर दोनने वाढल्या होत्या. आनंद झाला, आणि त्या आनंदाची किळस आली.

२४ मे
पुस्तक आलं. एकूण प्रती अकरा. यादीत कुठेही नाही. अकरातली एक आपोआप क्लाइव्हच्या टॅबलेटवर गेली.
दुपारी नायरीचा फोन. नववं प्रकरण वाचलं म्हणाली. मी तयारीत होतो: वय, लाटा, लेखकाचं स्वातंत्र्य. पण ती रडत होती. म्हणाली, काका, बाबा अगदी हेच सांगायचे. मी लहान असल्यापासून. म्हणायचे, लिंडसेने मला पाण्यातून काढलं म्हणून तू जन्मलीस, त्याच्याशी नीट वागायचं. थँक्यू काका.
मी म्हटलं, अगं, त्यात काय.
म्हणजे हे खोटं माझ्या आधी त्याने रचलं होतं. माझ्यासाठी. स्वतःच्या पोरीपाशी, जन्मभर. मी सतरा वर्षांचा होतो, आईला हाका मारत होतो. स्वतःच्या कमरेचा दोर सोडून त्याने माझ्या कमरेला बांधला आणि तो मला ओढत राहिला. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि ते या वहीत, जी कोणी वाचणार नाही.