पंपाखालचं गाणं

१७ जानेवारी १९७५, सातारा

सकाळी सातला शूटिंग. विहिरीवर इंजिन, इंजिनाच्या पाइपातून धो धो पाणी. त्याखाली पांढरं पातळ नेसून मी गाणं म्हणायचं. कालपर्यंत हा सीन कागदावर नव्हता. बापूसाहेबांना (निर्माते तेच, आता दिग्दर्शनातही हात घालतात) सांगितलं, हे मी करणार नाही. वाटलं, आरडाओरडा होईल. तर म्हणाले, "वत्सलाबाई, तुमचं मन मोडून मला काय मिळणार? राहू दे."

दुपारी केस ओले करून माझ्या हसण्याचे चार क्लोजअप घेतले आणि सोडलं. एस.टी.नं सांगलीला परत.

नववं पिक्चर हे. पहिल्यांदाच नाही म्हणाले आणि कुणी ऐकलं. बरं वाटतंय.

१४ मार्च, सांगली

आज पिक्चर लागलं. टॉकीजवर पोस्टर. पाठमोरी बाई, ओलं पातळ अंगाला चिकटलेलं, मान वळवून हसतेय. हसू माझं. पाठ कुणाची?

पदर डोक्यावरून घेऊन मॅटिनीला बाल्कनीत बसले. डबिंगच्या वेळी हे रीळ मला दाखवलंच नव्हतं. गाण्यात माझं बोलणं नाही, मग कशाला दाखवतील. आता कळलं. माझा चेहरा, मग कुणाची तरी कंबर, परत माझा चेहरा. बाजारात व्यापारी गुराच्या अंगावरून हात फिरवतो तसा कॅमेरा फिरवलाय. खाली शिट्ट्या. शेजारचा गृहस्थ बायको-पोरं घेऊन आलेला, आणि तोंडानं असा आवाज काढला त्यानं, की... जाऊ दे.

घरी येऊन तीनदा अंगावरून पाणी घेतलं. ते अंग माझं नाही हे माहीत असून.

१९ मार्च, कडेगाव

गावी आले. आबा ओसरीवर. सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, चौकात गेला की लोक उठून उभे राहायचे. चार दिवस घरातून बाहेर पडलेले नाहीत, असं आई म्हणाली. स्टँडवर कुणीतरी विचारलं म्हणे, "सुभेदार, लेकीचं गाणं बघितलंसा का?"

वर शंकरच्या लग्नाचं. धाकटा भाऊ, फौजेत आहे, वैशाखात सुट्टीवर येणार. मुलगी विट्याची, सगळं ठरलेलं. आता मुलीच्या चुलत्यांचा निरोप, एकदा येऊन बोलून जातो.

आबांनी जेवताना एवढंच विचारलं, "त्यात तू हायस का न्हाईस?"

मी म्हणाले, "तोंड माझं हाय आबा. अंग माझं न्हाई."

"लोकांस्नी तोंडच दिसतंय," म्हणाले आणि ताट सारलं.

मी नाटकात गेले तेव्हा हेच आबा सांगलीला पहिल्या रांगेत बसले होते. फेटा बांधून. पुढच्या पिक्चरांनाही कधी नाही म्हणाले नाहीत.

२४ मार्च, सातारा

बापूसाहेबांच्या (बा.सा.) ऑफिसात. महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीची टोपली आलेली. साखरेत बुडवून खात होते, रस हनुवटीवर, पुसायचं भान नाही. मलाही बशी पुढं केली. मी ती परत सारली.

मला न विचारता हे का केलं, विचारलं. म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात म्हणून तर दुसरी उभी केली. तुमचा मान राखला बाई मी." आणि हे मनापासून म्हणाले! त्याचीच जास्त शिसारी आली. लबाड माणसाशी भांडता येतं.

मी पेपरात लिहीन म्हणाले. तर म्हणे अवश्य लिहा, पिक्चर आणखी चार आठवडे चालेल. पुढच्या पिक्चरचं बोलायला लागले. कोण होती ती, विचारलं. "तमाशातली कुणीतरी. नाव काय बुवा..." आठवेना. बोटं चाटत आठवत होते.

३ एप्रिल, सांगली

मुंबईहून पत्र. टीव्हीवरच्या नाटकात मला घेणार होते, सुशिक्षित घरातल्या शिक्षिकेची भूमिका. आता "तूर्त विचार पुढे ढकलला आहे." कारण लिहिलेलं नाही. तशी गरजही नाही.

बारा वर्षं. सांगलीच्या रंगमंचावर 'हाय'चं 'आहे' करताना जीभ सोलून निघाली. मग पिक्चर. पाटलाची सून, शिपायाची बायको, दोनदा विधवा. लोकांना आठवणार काय, तर दुसऱ्या बाईची कंबर.

१६ एप्रिल

कपडेपट बघणाऱ्या सुमनबाईंनी नाव सांगितलं: चंद्रा. तिचा फड तासगावजवळच्या जत्रेत आहे कळलं. दुपारी गेले.

राहुटीत तांदूळ निवडत बसली होती. एकोणीस-वीसची. मला बघून उठली, पाया पडली. माझी आठही जुनी पिक्चरं पाहिलेली. मी आले याचा तिला एवढा आनंद, की कशाला आले ते लवकर सांगवेना.

ती सांगत होती. जानेवारीतली थंडी, आठ वेळा पाण्याखाली उभं केलं. नंतर पंधरा दिवस ताप. कुणी चौकशी केली नाही. मी विचारलं, राग नाही आला? तर म्हणाली, "ताई, तीनदा बघून आले. पडद्यावर पयल्यांदाच आले न्हवं मी. पर प्रत्येक बारीला वाटायचं, आता मान वळंल तवा माझं तोंड दिसंल. आन् तुमचंच दिसायचं."

मी कागद लिहूनच नेला होता. गाण्यातलं अंग वत्सलाबाईंचं नसून माझं आहे, इ. वाचून दाखवला. मला वाटलं होतं, लाजेल, नाहीतर नाही म्हणेल. ती म्हणाली, "हे पेपरात छापून येतंय? माझ्या नावासकट?" आणि लगेच अंगठा दिला. वर म्हणाली, नाच चांगला केला एवढं पण लिवा की.

लिहिलं नाही. जागा नाही, असं तिला सांगितलं. अर्धा कागद कोरा होता.

येताना गाडीत स्वतःचीच किळस. बा.सा.नी तिचं अंग घेतलं माझ्या तोंडासाठी. मी तिचं नाव घेऊन निघाले माझ्या अब्रूसाठी. तिची अब्रू हा विचारही शिवला नाही, कारण तमाशातली.

२० एप्रिल, कडेगाव

आबांना कागद दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला. महिन्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. विट्याचे पाहुणे पुढच्या रविवारी येतायत, त्यांच्यापुढं ठेवू म्हणाले. संध्याकाळी चौकात जाऊन आले. आईनं बऱ्याच दिवसांनी पोळ्या केल्या.

मी अर्ध्या पोळीवरच उठले.

२४ एप्रिल

चंद्राचं पत्र, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, सुमनबाईंनी पाठवलं. बा.सा.नी तिला बोलावलंय. पुढच्या पिक्चरात तोंडासकट काम. पण तो कागद बाहेर आला तर काम गेलं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे कागदाचं त्यांना कळलंय. तीच आनंदानं सगळ्यांना सांगत सुटली असणार. "ताई तुमी मोठ्या हाय. कागद फाडा. माझं एवढं होऊ द्या."

काम कसलं देणार ते मला माहीत आहे. तिलाही असेल. तरी मागतेय.

शंकरचंही पत्र. युनिटमधल्या पोरांनी पोस्टर पाहिलं. "अक्का, मी कुणाशी भांडलो नाही. काय बोलावं सुचलं नाही. लग्नाचं आबा ठरवतील तसं."

दोन्ही पत्रं एकाच ट्रंकेत. कागदाशेजारी.

२७ एप्रिल, रविवार

विट्याचे पाहुणे आले. मुलीचे चुलते आणि मामा. ऊस, पाऊसपाणी, कारखाना. मग चुलते आबांना म्हणाले, पोरगा सोन्यासारखा हाय, पर आमच्या बायकामाणसांत चर्चा हाय. आबांनी आत हाक मारली, "वच्छे, तो कागद आण."

मी तशीच बाहेर गेले, रिकाम्या हातानं. म्हणाले, पिक्चरवर नाव माझं आहे, तोंड माझं आहे. दुसरं काही दाखवायला माझ्याकडं नाही.

आबा माझ्याकडं बघतच राहिले. चुलत्यांनी अर्धा चहा ठेवला, निरोप कळवतो म्हणाले.

ते गेल्यावर आबांना चंद्राचं पत्र वाचून दाखवलं. ऐकून घेतलं. विचारलं, "तमाशातल्या पोरीपायी भावाचं लगीन मोडलंस?" मी म्हणाले, माझ्याकडून जमलं नाही आबा. ती पण कुणाचीतरी लेक... वाक्य पुरं केलं नाही. असली वाक्यं मी पिक्चरात शंभर वेळा म्हटलीत. तोंडात शेण गेल्यासारखं झालं.

३ मे

निरोप नाही. बा.सा.ची तार: पुढच्या पिक्चरात चंद्राच्या आईची भूमिका, येता का. मी एकतीस. तार चुलीत घातली.

कागद फाडलेला नाही. तेही खरं.

६ मे

पहाटे उठून आबांनी दाढी केली, इस्त्रीचा कोट घातला, छातीवर पदकं लावली. आई विचारत राहिली, कुठं? चपला घालताना मला म्हणाले, "सांगलीला जाऊन येतो. अजून चालू हाय न्हवं ते?"

मी म्हणाले, आबा, नका बघू.

"सगळ्या मुलखानं बघितलं," म्हणाले. "मीच बघितलं न्हाई. आन् मीच बोलतोय."

सहाच्या गाडीनं गेले. आता पाच वाजलेत. मॅटिनी सुटली असेल. शेवटची गाडी साडेसातला चौकात येते. आई म्हणते तू घरातच थांब, मी जाते. मीच जाणार आहे.