मुकादमाची दोरी

३ मार्च, सकाळ
पुन्हा पडले. कोपर सोललं. चूक मुकादमाची, फिरताना दोरी ओढतो. कुत्र्याला हे नाव ह्यांनीच ठेवलं. ह्यांनी घड्याळाच्या दुकानाचं शटर उघडेपर्यंत हा समोर बसून देखरेख करायचा, म्हणून. मुलगा फोनवर म्हणाला, आई, महिनाअखेरीला येऊन बघतो, पुन्हा पडलीस तर त्याला मी घेऊन जाणार. म्हटलं, ये आणि बघच. आठ दिवसांत गरीब गाय करून दाखवते.

४ मार्च
वाचनालयातून कुत्र्यांना वळण लावण्याचं पुस्तक आणलं. शाळा चौथीतच सुटली, पण पुस्तकाला मी भीत नाही. नियम सोपा आहे. त्याने ओढलं की झाडासारखं उभं राहायचं. रागवायचं नाही. दोरी सैल झाली की मगच पाऊल टाकायचं. उद्यापासून.

५ मार्च
गुडघा दुखतोय. उद्यापासून नक्की.

७ मार्च, ७.१०
अकरा वेळा झाड झाले. शेजारीण गॅलरीतून म्हणाली, काय हो काकू, कोण कोणाला फिरवतंय? हसले नाही. झाडं हसत नाहीत.

८ मार्च
कारण सापडलं. मुकादम रोज दुकानाच्या गल्लीकडेच ओढतो. ह्यांना जाऊन सात महिने झाले, मुक्या जिवाला कोण समजावणार? मी सावरले आहे. त्याचंच तेवढं राहिलंय.

११ मार्च
ह्यांच्या चपला घालून निघाले. पकड चांगली आहे, म्हणूनच. दोन बोटं मोठ्या होतात, पट्ट्यात कापूस कोंबला. मुकादमाने त्या हुंगल्या आणि मला थेट दुकानापर्यंत फरफटत नेलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. दुकानदार म्हणाला, आजी, काय दाखवू? म्हटलं, काही नको, कुत्र्याला जरा बसायचंय.
बराच वेळ बसलो.

१२ मार्च
नणंदेचा फोन. म्हणाली, वहिनी, अगं त्याला दादाचा वास येतो, ठेवून दे त्या चपला. म्हटलं, पकड चांगली आहे.

१९ मार्च
आज तीनच वेळा झाड. गल्लीपाशी एकदा थांबला, माझ्याकडे बघितलं, पुढे चालू लागला. पुस्तक लिहिणाऱ्याचं भलं होवो. चपला त्याच.

२६ मार्च
एकदाही ओढलं नाही. गाड्या जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला शहाण्यासारखा उभा राहिला. शेजारणीला हाक मारून दाखवलं. महिनाअखेरीची मला काडीची भीती नाही.

३० मार्च
मुलगा आला. तिघं फिरायला निघालो. मुकादम माझ्या गुडघ्याला लागून चालला. मुलगा म्हणाला, वा, आई, मानलं तुला! गल्लीचं तोंड आलं. मुकादमाने मानसुद्धा वळवली नाही, सरळ पुढे निघाला.
तेवढ्यात दोरी ताणली.
मुलगा म्हणाला, आई, तिकडे कुठे?
मी गल्लीत वळले होते. चार पावलं आतही गेले होते.
मुकादम जागच्या जागी उभा राहिला. भुंकला नाही, ओढलं नाही. माझ्याकडे बघत राहिला, दोरी सैल होईपर्यंत. अगदी पुस्तकात सांगितलंय तसा.
 घरी परतल्यावर दारात मुलगा म्हणाला, आई, मुकादम इथेच राहू दे. तुला सांभाळेल.
तो गेला. मी खुर्चीत बसले आहे, चपला पायातच. मुकादम त्यांच्यावर हनुवटी टेकून झोपलाय.
उद्यापासून माझ्या घालेन.