काचेवरचा घास

प्रिय बोराम,

गावाकडे तुला एक आजी आहे, पंच्याऐंशीची, दात बऱ्यापैकी शाबूत, एवढी आठवण करून द्यायला हे पत्र. मला अक्षर येत नाही, म्हणून पलीकडच्या घरची थुई लिहिते आहे. व्हिएतनामहून आलेली सून, पण आपलं कोरियन अक्षर तुझ्याहून वळणदार काढते. हे लिहायला लाजत होती. म्हटलं, लिही गुमान.

फोनवर तू म्हणालीस, "आजी, तांदूळ नको पाठवूस. आम्ही घरी जेवतो कुठे? लागलाच तर खाली दुकानात मिळतो." मी हसले. मग भाजी निवडायला बसले, तर पानं टाकली आणि देठ ठेवले.

आपलं शेत आता शेत राहिलं नाही, हे तुझ्या बापाने तुला सांगितलं नसेल. तीन वर्षांपूर्वी मी बांधावर पडले, त्याने कागद पुढे केला, मी अंगठा दिला. त्याला बोल लावू नकोस, अंगठा माझाच होता. तिथे आता ऊन पिऊन वीज करणाऱ्या काळ्या काचा आहेत, लावणी केल्यासारख्या ओळीने.

परवा थुईच्या शेतावर लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताची कापणी होती. बांधावर जेवायला बसलो. पहिला घास 'गोसुरे' म्हणत शेताला द्यायचा. लहानपणी तू मूठभर भात भिरकावायचीस आणि आजोबा म्हणायचे, "अगं, घास दे, पोतं नको." मी सवयीने आपल्या जुन्या शेताकडे तोंड करून चमचाभर भात उडवला. तो काचेवर चिकटला. काचांचा राखणदार म्हणाला, "आजी, हे काय चालवलंय?" म्हटलं, "एवढी जागा अडवून बसलीय, तिला भूक लागली असेल." थुईने जाऊन बाहीने तो पुसला. परत आली तेव्हा म्हणाली, पुढच्या वर्षी लावणी करणार नाही; तांदूळ घेणारं कुणी उरलं नाही. खोऱ्यातलं ते शेवटचं खाचर.

आता ज्यासाठी बसले ते सांगते. गेली तीन वर्षं 'आपल्या शेतातला' म्हणून पाठवला तो तांदूळ थुईचा होता. पोत्यावर माझं नाव तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. तुला चवीवरून कळलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. या पत्रामागून नवं पोतं येतंय, त्यावर तिचं नाव आहे. तुझ्या कचेरीत घरी भात शिजवणारी दहा माणसं तरी निघतील, त्यांना विचार. आणि पौर्णिमेच्या सणाला दुकानातले सोंगप्योन पाठवू नकोस. याच तांदळाचं पीठ काढ, आत तीळ भर, वाकडे झाले तरी चालतील. दोन डबे पाठव: एक आजोबांपुढे ठेवायला, एक थुईला.

तुझीच, अंगठेबहाद्दर
आजी