हसल्याबद्दल मेमो

३ जून

चि. अर्धवकिलास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दाढ काढल्यावर गाल सुजतोच. बर्फ लाव आणि दोन दिवस बोलू नकोस, घरच्यांनाही जरा आराम पडेल.

इकडची बातमी म्हणजे मला मेमो मिळाला आहे, हसल्याबद्दल. आमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त बस कंडक्टर होते. फुप्फुसं थकली होती, फार दिवस उरले नव्हते. त्यांची मुलगी रोज दुपारी यायची. गेल्या मंगळवारी ती खाली औषध आणायला गेली. परत आली तेव्हा पडद्याआड मी त्यांच्या अंगाखालची चादर बदलत होते आणि मोठ्याने हसत होते. त्यानंतर वीस मिनिटांत ते गेले.

तिने लेखी तक्रार दिली आहे की वडील शेवटच्या घटका मोजत होते आणि सिस्टर खिदळत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नक्कल सोबत जोडली आहे. आठ दिवसांत उत्तर द्यायचंय, आणि वॉर्डची इन्चार्ज कोण होणार तेही याच महिन्यात ठरायचंय. वकिलाच्या कचेरीत इतकी वर्षं टाइप करतोस, तर उत्तर कसं लिहायचं ते कळव.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग. माया आहेच, ती वेगळी कशाला लिहू?
तुझी ताई

७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू हसलीस हेच आधी पटेना. घरातल्या एकाही फोटोत तू हसलेली नाहीस. आमच्या लग्नातल्या फोटोत तर पाहुण्यांचा ताप मोजायला आल्यासारखी उभी आहेस.

मसुदा सोबत पाठवतो आहे. दुसऱ्या परिच्छेदात जागा मोकळी सोडली आहे, तिथे हसण्याचं कारण लिही. कारण असेल तर ठणकावून लिही, उगाच मान खाली घालू नकोस. बावीस वर्षं राबलीस, ही जागा तुझ्या हक्काची आहे. गाल उतरला, पण बोलायला अजून कुणी देत नाही.

उत्तराची वाट पाहतोय, धाकट्यावर लोभ राहू दे.
तुझा अर्धवकील

१९ जून

चि. अर्धवकिलास,
अनेक आशीर्वाद.

मसुदा झकास होता, पण दिला नाही. का, ते सांगते.

चादर काढताना मी त्यांना म्हटलं की काका, जरा पुढे सरका. त्यांना धाप लागत होती. तरी थांबत थांबत म्हणाले की चाळीस वर्षं अख्ख्या गावाला पुढे सरका, पुढे जागा आहे म्हणून ओरडलो. आज पहिल्यांदा कुणी मला सांगतंय, तर पुढे जागा आहे का ते आधी बघून या. मला हसू आवरलं नाही. तेही हसले, आणि मग डोळे मिटून पडून राहिले.

मुलीशी मात्र ते शेवटी शेवटी धड बोलतच नव्हते. ती आली की भिंतीकडे तोंड. माणूस परक्याजवळ हलका होतो, हे आम्हाला रोज दिसतं. पण उन्हातान्हात खेपा घालणाऱ्या मुलीला कसं सांगायचं की बापाचं शेवटचं हसू परकीच्या वाट्याला आलं? रागाच्या आधाराने माणूस उभं राहतं. माझ्यावर रागावून ती निदान उभी तरी राहील. म्हणून उत्तरात एकच ओळ लिहिली की मी हसले, चूक झाली. मेट्रनबाईंनी कारण दोनदा विचारलं, मी सांगितलं नाही.

ताकीद मिळाली. इन्चार्ज दुसरी झाली. कामाला चांगली आहे, फक्त औषधांचा साठा फार मोठ्याने मोजते.

चिडू नकोस. चिडलास तरी पत्र पाठवत जा.
तुझी ताई

२७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी गुन्हा कबूल करतो. तक्रारीवर त्या मुलीचा पत्ता होता. तुझ्या पत्रातला कंडक्टरसाहेबांचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवून मी तिला पाठवला. पेटीत टाकल्यावर भानावर आलो. पेटीत हात जातो का तेही करून पाहिलं. जात नाही.

तू सगळ्यांची मनं सांभाळतेस आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसतेस. आई आजारी होती तेव्हाही हेच केलंस. मला ते बघवलं नाही. ही म्हणते की मी मूर्ख आहे. तूही म्हण, पण लवकर म्हण.

रागाचं का होईना, चार ओळींचं पत्र येऊ दे.
तुझा धाकटा

११ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, या वेळी एकच.

ती आली होती. गुरुवारी दुपारी ड्यूटी बदलताना, तुझं पत्र पिशवीत घेऊन. आम्ही ड्रेसिंगच्या खोलीत दोन स्टुलांवर बसलो. मला वाटलं की रडेल, नाहीतर माफी मागेल. तिने दोन्ही केलं नाही. हे आधी का लपवलं ते मी सांगितलं, तर मला काय सोसेल ते ठरवणाऱ्या तुम्ही कोण, असं तिने विचारलं. कुणीतरी आपल्याला हसतंय हे ऐकत वडील गेले, असंच ती इतके दिवस धरून बसली होती. तिला नीट झोप नव्हती. मी ज्याला तिचा आधार समजत होते, तो राग तिला आतून खात होता.

बावीस वर्षं मी चेहरे वाचते आहे. हा मी लांबून वाचला आणि चुकले. तिला एकदा विचारायला हवं होतं.

मग तिने त्या वीस मिनिटांतलं सगळं विचारून घेतलं आणि मी क्रमाने सांगत गेले. त्रास होत होता का म्हणाली. थोडा होत होता, असं खरं ते सांगितलं. भिंतीकडे तोंड का करायचे, यावर म्हटलं की तुमच्याकडे पाहिलं की निरोप घ्यावा लागेल असं त्यांना वाटत असावं, पण खात्री नाही. मी समजूत घातली नाही, नुसती बसून राहिले.

तक्रार ती मागे घेणार आहे. जागा भरली आहे, त्याने आता काही फरक पडत नाही. तू मात्र केलंस ते चूकच. ती गोष्ट तिची होती आणि मी ती तुला विश्वासाने लिहिली होती. त्यातून बरं निघालं म्हणून ते बरोबर ठरत नाही. पुन्हा असं करू नकोस.

निघताना दारात थांबून तिने विचारलं की ते हसले म्हणजे नेमके कसे हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलले होते. शब्दांत सांगता येईना, म्हणून मी तिला तसं करून दाखवलं. तिने लगेच ओळखलं. तो डावा खांदा आधी हलायचा, म्हणाली, आणि तिने स्वतः करून दाखवला. दोन बाया ड्रेसिंगच्या खोलीत खांदे हलवत उभ्या होत्या. तेवढ्यात नवी इन्चार्ज दारात आली आणि काही न विचारता परत गेली.

राग अजून आहे. माया त्याहून जुनी आहे.
तुझी ताई